मिश्रीचा रकाना

आमच्या घरात तवा एकच होता आणि त्याच्यावर दोन गोष्टी भाजल्या जायच्या, भाकरी आणि तंबाखू. भाकरी कमी पडायची. तंबाखू कमी पडलेली मला आठवत नाही.

मार्केट यार्डाला सुट्टी असली की आई तंबाखूची पानं तव्यावर टाकायची आणि ती काळीठिक्कर होईस्तोवर हलवत बसायची. धूर पत्र्याखाली कोंडायचा. मी आणि धाकटा भाऊ शिंकत बाहेर पळायचो. मग ती पानं पाट्यावर वाटून, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून पत्र्याच्या डबीत भरायची. ही मिश्री. बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची, थोडा वेळ तशीच तोंडात धरायची, मग थुंकायची. गुलटेकडीच्या आमच्या वस्तीत सकाळी सगळ्या बायका उंबऱ्यावर बसून, एक बोट तोंडात घालून, उरलेल्या तोंडाने भांडायच्या. वस्तू दात घासायची, पण ती दुपारी लागायची आणि संध्याकाळीही लागायची. दात दिवसातून पाच वेळा कशाने मळतात, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

वडील यार्डात हमाल होते. बटाट्याचं पोतं घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरताना त्यांचा पाय सटकला आणि पोतं कमरेवर आलं. ज्या आडत्याच्या गाळ्यावर ते इतकी वर्षं राबले, त्याने पहिल्या दिवशी संत्री पाठवली, दुसऱ्या दिवशी चौकशी पाठवली आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. ती संत्री मी खाल्ली नाहीत. आजही संत्रं खात नाही. लोक विचारतात, पित्त होतं का? मी हो म्हणते. कोण सांगत बसणार?

आई कांदा निवडायला जायला लागली. शेडमध्ये दिवसभर उकिडवं बसून चांगला कांदा एकीकडे, सडका एकीकडे. घरी येताना पदरात दोन-चार डागी कांदे. मग भाकरी थापायची आणि वडिलांना, भावाला, मला वाढायची. त्या काळात तिचं स्वतःचं ताट मांडलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं.

"तू जेव की गं."

"मला न्हाई भूक. तुमी खावा."

आणि डबी घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसायची, आमच्याकडे पाठ करून. बोट तोंडात.

मिश्री लावली की भूक मरते. हे मला कोणत्याही प्राध्यापकाने शिकवलेलं नाही. पुढे ज्या प्राध्यापकाशी माझं भांडण झालं त्यांना हे माहीत नव्हतं, आणि करून घ्यायचंही नव्हतं.

मी शिकले. हा शब्द मी ताठ मानेने लिहिते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं आणि कॉलेज ही इमारत आम्ही फक्त बसमधून बघायचो. मी संख्याशास्त्र घेतलं. शेजारच्या चाची, ज्यांचे मियां यार्डातले वजनकाटे दुरुस्त करायचे, त्या आईच्या डबीतली मिश्री रोज हक्काने घ्यायच्या. बोटावर मिश्री घेता घेता त्यांनी मला विचारलं, "कसले आकडे शिकते बेटी तू? मटक्याचे तर नाही ना?"

"लागला आकडा तर आदी आमाला सांग गं," आई म्हणाली, आणि दोघी काळ्या दातांनी खो खो हसल्या.

मला राग आला. तेव्हा मला सगळ्याच गोष्टींचा राग यायचा. आता निवडक गोष्टींचा येतो.

शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत एका संस्थेत काम मिळालं. संस्थेचं नाव सांगत नाही, तिथे अजून माझी उठबस आहे. घरोघर जायचं आणि फॉर्म भरायचा. घरात कोण काय खातं, काय पितं, किती चालतं, कशाने आजारी पडतं. आम्हा पोरापोरींना एका खोलीत बसवून सरांनी समजावलं. सर तेव्हा तरुण होते, पेठेतले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं असं की समोरच्याला आपल्याला शिवी बसली हे घरी गेल्यावर कळावं.

मी हात वर करून विचारलं, "सर, एखाद्याचं उत्तर खोटं आहे असं दिसलं तर?"

"तर तुम्ही खरं मानायचं आणि लिहायचं," सर म्हणाले. "विचार करायला आम्ही आहोत. तुमच्यावर तो बोजा टाकलेला नाही."

सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला फार वर्षं पुरलं.

आमची वस्ती मी स्वतः मागून घेतली. ओळखीची माणसं, लवकर उरकेल. सगळ्यांत आधी आईचा फॉर्म भरला. सकाळची वेळ, आई उंबऱ्यावर, चाची तिच्या शेजारी, दोघींची बोटं तोंडात. आम्हाला सक्त सूचना होती की प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. मी वाचला.

"आपण तंबाखू खाता का?"

आईने बोट बाहेर काढलं. पिचकन थुंकली. "आपण? कुनाला म्हनती ही आपण?"

"तुलाच. सांग ना."

"मी काय गडी हाय का तंबाखू खायाला?"

"चाची, तुम्ही?"

"तौबा, तौबा. बायका कुठं तंबाखू खातात?"

काळी थुंकी माझ्या चपलेपासून वीतभर लांब पडलेली. मी दोघींच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं. पुढच्या घरातही नाही. त्याच्या पुढच्या घरातही नाही. आमच्या अख्ख्या वस्तीत बाईमाणूस म्हणून तंबाखूला शिवलेलं नाही, असं माझ्या वळणदार अक्षरात नोंदलं गेलं.

मला कळलं नव्हतं असं मी आज म्हणू शकते. कोण तपासायला येणार? पण ती पानं माझ्या डोळ्यांदेखत तव्यावर भाजली जात होती आणि त्या धुराने माझंच नाक झोंबत होतं. मला कळलं होतं. मला लाज वाटली. माझ्या वर्गातल्या मुली पेस्ट लावायच्या आणि त्यांच्या आयांचे दात पांढरे होते. वर सरांनी सांगूनच ठेवलं होतं, विचार करायचा नाही. सोयीची आज्ञा माणूस किती मनापासून पाळतो.

पुढे मी एम.एस्सी. झाले, लग्न झालं, विश्रांतवाडीला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि त्याच संस्थेत कायम नोकरीला लागले. सर आता विभागप्रमुख होते. शर्ट तसाच, केस गेलेले. वडील वारले होते. आई वस्ती सोडायला तयार नव्हती आणि शेडही सोडायला तयार नव्हती. "तुज्या त्या फ्लॅटात बोलायचं कुनासंगं? भितीसंगं?"

तेव्हा आमच्या विभागात मॉडेलचं काम आलं. मॉडेल म्हटलं की लोकांना काहीतरी भारी वाटतं, म्हणून साधं सांगते. मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा. एका वाटीत तंबाखूला कधीच न शिवलेली माणसं, दुसरीत खाणारी, तिसरीत सोडलेली, चौथीत तोंडात पांढरा चट्टा आलेली, पाचवीत कॅन्सर झालेली, आणि एक वाटी मेलेल्यांची. दर वर्षी थोडी माणसं या वाटीतून त्या वाटीत जातात. ती किती जातात हे संगणकाला सांगायचं आणि मग विचारायचं, समजा लोकांनी सवय बदलली, एवढ्यांनी तंबाखू सोडली, तर वीस वर्षांनी कोणत्या वाटीत किती माणसं उरतील? शहराची पत्रिकाच म्हणा. फरक इतकाच की ज्योतिषी चुकला तर तो दुसरी पत्रिका मांडतो, आणि आम्ही चुकलो तर गाडी भलत्याच दारात जाऊन उभी राहते.

गाडी खरीच होती. पालिकेकडे तोंड तपासायची एक गाडी येणार होती, डॉक्टर, दिवा, खुर्ची सगळं आत. ती कुठे कुठे न्यायची हे आमच्या मॉडेलवरून ठरायचं होतं.

आमच्या त्या जुन्या फॉर्मांतले आकडे भरून मॉडेल चाललं. पडद्यावर दोन रेघा आल्या. पुरुषांची रेघ डोंगरासारखी चढत गेलेली. बायकांची रेघ जमिनीवर लोळण घेतलेली.

"बघा," सर खूश होऊन म्हणाले. "बायका समजूतदार असतात. गाडी हमालांकडे, रिक्षास्टँडवर आणि कारखान्यांच्या दाराशी. विषय संपला."

मी त्या लोळणाऱ्या रेघेकडे बघत राहिले. चाची त्याच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. शेवटी त्यांचं तोंड बोटभरही उघडत नव्हतं. आई चमच्याने पेज पाजायची आणि ती ओठांच्या कडेने बाहेर यायची. दाखल्यावर तोंडाचा कॅन्सर लिहिलेला. आणि आमच्या डब्यात त्या कुठल्या वाटीत होत्या? तंबाखूला कधीच न शिवलेल्यांच्या.

त्याच आठवड्यात सुट्टीला आईकडे गेले. तिने जेवायला बसवलं. मला ठेचा वाढला आणि स्वतः भाकरी दुधात कुस्करून घेतली. ठेचा कमी तिखट झाला म्हणून शेजारणीला नावं ठेवणारी बाई. मी विचारलं, "ठेचा का नाही घेतलास?"

"झोंबतंय."

"कधीपासून?"

"झालं बगा चालू. जेव गुमान."

"तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड, आई. मला बघू दे."

तिने ताट सरकवलं. "चार बुकं शिकली म्हनून आईच्या तोंडात बोट घालनार व्हय? म्हशीचे दात बगतात तसं?"

मी डबी उचलली. मला ती फेकायची होती. तिने माझं मनगट धरलं. कांदा निवडणाऱ्या बाईची पकड होती ती, मी हलू शकले नाही.

"हिला हात लावू नगंस," ती म्हणाली. "हिच्यावर शिकलीस तू. तुज्या ताटात भाकरी पडायची तवा माज्या तोंडात ही असायची. ठाव हाय का तुला?"

"ठाऊक आहे."

"मग कागदावर का न्हाई लिवलंस?"

तिला एवढंच म्हणायचं होतं की तू एवढी कागद रंगवणारी, माझे हाल कधी कुठे लिहिलेस का? तिला फॉर्मची आठवणही नव्हती. मला होती.

दवाखान्यात चल म्हणाले. नाही. पाया पडले. नाही. "एकटीनं कशापायी तोंड उघडू? दवाखान्यात गेलं की कायतरी निघतंच. शेडातल्या सगळ्या जनी उगडतील तर मीबी उगडते. न्हाईतर मला बोलू नगंस."

असा तिचा हट्ट. शेडमधल्या सगळ्या जणींनी तोंड उघडायचं, तर गाडी शेडमध्ये यायला हवी. गाडी शेडमध्ये यायची, तर मॉडेलमधली बायकांची रेघ उठून उभी राहायला हवी. आणि ती रेघ मीच झोपवली होती.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या अडगळीच्या खोलीत गेले. जुने फॉर्म गठ्ठे बांधून ठेवले होते, कागदांना वाळवी लागलेली. आमच्या वस्तीचा गठ्ठा सापडला. वरचाच फॉर्म आईचा. 'नाही' मधला 'ह' मी तेव्हा किती झोकात काढायची! तो फॉर्म घेऊन मी सरांच्या खोलीत गेले.

"बसा. खुर्ची बसण्यासाठीच आहे," सर म्हणाले.

मी उभीच राहून सांगितलं. मिश्री म्हणजे काय, ती कशी करतात, बायका तिला तंबाखू का म्हणत नाहीत. सरांनी चष्मा पुसला.

"मिश्री मला माहीत आहे. आमच्याकडे भांडी घासायला यायची ती बाई लावायची. आपला मुद्दा काय?"

"मुद्दा हा की वस्तीतल्या जवळजवळ सगळ्या बायका चुकीच्या वाटीत आहेत. सगळं मॉडेल चुकलंय."

"मॉडेल चुकत नसतं. माहिती चुकते. ही माहिती भरली कोणी?"

"मी."

"अच्छा." त्यांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला. "अक्षर सुरेख आहे आपलं. म्हणजे आपण खोटं लिहिलंत."

"मी उत्तर लिहिलं. प्रश्न कोणी लिहिला होता?"

सर गप्प झाले. पुण्यात माणूस गप्प झाला की समजावं, अपमान पोचला.

"आपली भावना मी समजू शकतो," ते शेवटी म्हणाले. "आपली पार्श्वभूमी बघता ते साहजिकही आहे. पण शास्त्र आईच्या आठवणींवर चालत नाही."

"आणि भांडेवालीच्या आठवणीवर चालतं? तुम्हाला तेव्हाही माहीत होतं की मिश्रीत तंबाखू असते. प्रश्नात का नाही घातलीत?"

"दार पुढे करून घ्या जाताना," सर म्हणाले.

दार मी उघडंच ठेवलं. सगळ्या विभागाने ऐकलं. ऐकू दे.

दोन दिवसांनी त्यांच्याकडून चिठ्ठी आली. नवीन पाहणीला परवानगी नाही, मनुष्यबळ नाही. 'आपण आपल्या सुट्टीच्या दिवशी आपल्या वस्तीत काय करावं, हा मात्र आपला खासगी प्रश्न आहे.' एवढी पळवाट त्यांनी ठेवली ती बहुधा मी तोंडावर पडावं म्हणून. मी ती वापरली.

प्रश्न बदलला. तंबाखूचं नावच काढायचं नाही. "सकाळी दाताला काय लावता?" बस्स. बायकांनी डब्या काढून दाखवल्या. पत्र्याच्या, पितळेच्या, एकीची जर्मनची, झाकणावर फुलं असलेली. कोणाची किती बारीक, कोणाची करपली, याच्यावर वाद. सकाळपासून किती वेळा लावली असं विचारलं तर बोटांवर मोजून सांगत होत्या. कोणी लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही करतोय असं कोणालाच वाटत नव्हतं. इतकी वर्षं आम्हीच चुकीच्या दारावर थाप मारत होतो.

आई माझ्या मागे मागे फिरत होती. "लिव. हिचं लिव. ही तर झोपेतबी लावती."

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. आमच्या मॉडेलमध्ये सोडलेल्यांच्या वाटीतून परत मागे यायला वाटच नव्हती. सरांच्या मते सोडली म्हणजे सोडली. चष्मा लावून विचार करणाऱ्याला तसंच वाटणार. वस्तीत मी विचारलं, "कधी सोडली होती का?" तर प्रत्येकीने सोडली होती. बाळंतपणात सोडली, उपासात सोडली, नातवाने नाक धरलं म्हणून सोडली. आणि परत धरली. का? घरात खायला कमी झालं म्हणून. शेडमध्ये काम लांबलं म्हणून. मालकाने जेवायची सुट्टी दिली नाही म्हणून. रिकाम्या पोटी सोडलेली मिश्री चार दिवसांत परत येते. मी मॉडेलमध्ये उलटा बाण घातला, सोडलेल्यांतून लावणाऱ्यांकडे, आणि घरात खाणं कमी असेल तिथे तो जाड केला.

मॉडेल पुन्हा चालवलं. बायकांची रेघ जमिनीवरून उठली. ती पुरुषांच्या रेघेएवढी झाली नाही, पण उठली, आणि नुसते 'सोडा, सोडा' असे फलक लावून ती खाली येत नव्हती. घरी पोटभर असेल तर येत होती. पडद्यासमोर बसून मला पहिल्यांदा रडू आलं आणि लगेच राग आला. संगणकाला एवढं कळलं, माणसाला कळायला काय अडचण होती?

पालिकेच्या आरोग्य अधिकारी बाईंसमोर बैठक ठरली. सरांनी स्वतःचं मॉडेल मांडलं आणि शेवटी म्हणाले, "आमच्या सहकारी बाईंचंही काही वेगळं म्हणणं आहे. त्या स्वतः त्याच भागातल्या असल्यामुळे जरा जिव्हाळ्याने बोलतील, सांभाळून घ्या."

मी उभी राहिले आणि आईचा फॉर्म टेबलावर ठेवला.

"ही बाई तंबाखू खात नाही असं इथे लिहिलंय," मी म्हणाले. "हा फॉर्म माझ्या आईचा आहे. अक्षर माझं आहे. ती उत्तर देत होती तेव्हा तिच्या तोंडात मिश्री होती. मला दिसत होती. मी 'नाही' लिहिलं. याच्याखालचा फॉर्म माझ्या शेजारणीचा. तिथेही मी 'नाही' लिहिलं. ती तोंडाच्या कॅन्सरने गेली."

अधिकारी बाईंनी फॉर्म जवळ ओढला.

सर म्हणाले, "म्हणजे मॅडम, आमच्या सहकारी स्वतःच कबूल करतायत की त्यांनी भरलेली माहिती विश्वासार्ह नव्हती. मग आज त्यांनीच गोळा केलेली नवीन माहिती आपण कशाच्या आधारावर..."

"डबीच्या," मी म्हणाले, आणि पर्समधून आईची डबी काढून फॉर्मवर ठेवली. तिला न सांगता आणली होती. "उघडा. वास घ्या. तुम्हीच सांगा ही काय आहे."

सरांनी हात लावला नाही. अधिकारी बाईंनी झाकण उघडलं, नाकाजवळ नेलं आणि लगेच शिंकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल माया वगैरे काही नव्हती. त्या वैतागल्या होत्या, आमच्या दोघांवरही.

"तुमचं भांडण तुम्ही चहाच्या वेळी मिटवा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे गाडी एक आहे. या बायका एका जागी, एका वेळी कुठे सापडतील एवढं सांगा."

"मार्केट यार्ड, कांद्याची शेड. सकाळी, माल यायच्या आधी."

"लिहून द्या."

मी लिहून दिलं. तेवढं एकच पान त्या बैठकीतून बाहेर पडून कामाला आलं.

संध्याकाळी डबी परत करायला गेले तर आईने सगळं घर उलथंपालथं केलेलं. "चोरटी! आईच्या घरात चोरी करती?" तिने डबी हिसकावली, बोट बुडवलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटले. मी बघत बसले.

गाडी शेडसमोर आली तेव्हा मी रजा काढून गेले. सर अर्थातच आले नाहीत. बायका आधी पुढे येईनात. एक म्हणाली, दात उपटतात. दुसरी म्हणाली, ऑपरेशन करून टाकतात. मग माझ्या आईने कांद्याची पाटी बाजूला सारली, लुगडं झटकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माजी लेक हिथंच ऑफिसर हाय. तिनं आनली गाडी. चला गं. भीत असाल तर ऱ्हावा हितंच सडक्यात."

मी ऑफिसर नव्हते. तिला मी कधी दुरुस्त केलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला, गाल बाजूला ओढला आणि दिवा आणखी जवळ घेतला.

"आजी, हे झोंबतं ना?"

आई तोंड उघडं ठेवून म्हणाली, "आं."

"किती दिवस?"

"आता बंद करू का तोंड? म्हंजी सांगते."

चट्टा होता. गालाच्या आत, जिथे ती मिश्री धरून बसायची नेमका तिथे. तिच्यानंतर शेडमधल्या एकेका बाईने तोंड उघडलं, आणि चट्टे असणारी ती एकटी नव्हती.

अहवाल छापून आला तेव्हा मुखपृष्ठावर सरांचं नाव होतं. माझं नाव शेवटच्या पानावर, आभारांत, टंकलेखकाच्या नंतर. उलटा बाण त्यांनी ठेवला, पण शेडमध्ये बायकांना जेवायची सुट्टी आणि सकाळचं खाणं मिळालं तर मिश्री सुटेल, असं मी लिहिलेलं वाक्य खोडलं. 'आरोग्य विभागाच्या कक्षेबाहेर' असा शेरा मारला. भूक आरोग्याच्या कक्षेबाहेर. हे वाक्य मी तोंडपाठ करून ठेवलंय. पुढे सर निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं. मी त्या समारंभाला गेले नाही. कोणी विचारलं तर सांगते, पित्त झालं होतं.

आईचा चट्टा कापून काढला. तो कॅन्सर नव्हता, व्हायच्या वाटेवर होता. मिश्री तिने तीनदा सोडली आणि दोनदा परत धरली. तिसऱ्यांदा सोडली ती सुटली. आता ती ठेचा खाते आणि माझ्या हातचा असला तर नावं ठेवते. तोंड तपासायची गाडी वर्षातून एकदा कांद्याच्या शेडसमोर उभी राहते. आणि संस्थेच्या फॉर्मवर तंबाखूच्या प्रश्नाखाली आता एक वेगळा रकाना आहे, 'दाताला मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?' तो मी घातला.